साइडपट्टी रिकामी, लेन आपली: रुंद झालेल्या रस्त्यावर गाडी कशी चालवायची

महाराष्ट्रातले बरेच महामार्ग गेल्या वीस-पंचवीस वर्षांत दुपदरीचे चौपदरी झाले, चौपदरीचे सहापदरी झाले. चालवणाऱ्यांच्या सवयी मात्र दुपदरी रस्त्यावरच्याच राहिल्या. समोरून गाडी येत नाही ना एवढं बघायचं, डिपर मारायचा, मिळेल त्या फटीतून निघायचं. दुपदरी रस्त्यावर या सवयी धोक्याच्याच होत्या, पण वेग कमी असल्यामुळे खपून जायच्या. समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. त्या वेगाला चूक सुधारायला उसंत मिळत नाही.

या लेखात तीन गोष्टी आहेत: कोणत्या लेनमध्ये राहायचं, साइडपट्टीवर कधी उतरायचं, आणि रुंदीकरणाचं काम चालू असलेल्या रस्त्यावरून कसं जायचं. त्यांच्यामागचा कायदाही सांगतो, पण तो फक्त दंडाच्या भीतीने वाचू नका. माझ्या मते या तिन्हींचं मूळ एकच आहे. आपल्याला दिसणारं सगळं डांबर गाडी चालवण्यासाठी नसतं. त्याचा काही भाग काहीतरी बिघडेल तेव्हासाठी राखून ठेवलेला असतो, आणि तो भाग आपण रोजच्या घाईत वापरून टाकतो.

आधी रस्ता वाचायला शिका

महामार्गावरची एक लेन साधारण साडेतीन मीटर रुंद असते. म्हणजे दोन लेनचा मुख्य रस्ता सात मीटरचा. त्याच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटरची डांबरी साइडपट्टी दिली की एकूण डांबर दहा मीटर भरतं. त्यापलीकडे मुरुमाची कच्ची साइडपट्टी, मग उतार किंवा गटार. कार पावणेदोन मीटरच्या आसपास रुंद असते, त्यामुळे दीड मीटरच्या साइडपट्टीत ती पूर्ण मावतच नाही. तिथे ‘बाजूला’ उभी केलेली कार म्हणजे उजवी चाकं लेनमध्ये ठेवलेली कार. महामार्गावर चहासाठी गाडी थांबवताना हे ध्यानात घ्या.

डावीकडे सलग पांढरी रेघ असते, ती मुख्य रस्त्याची हद्द. तिच्या पलीकडे काळंभोर, गुळगुळीत डांबर दिसलं तरी ती तुमची लेन नव्हे. दोन लेनच्या मधली तुटक पांढरी रेघ सुरक्षित असेल तेव्हा ओलांडता येते. सलग रेघ ओलांडायची नाही. पूल, बोगदा, वळण, घाट अशा ठिकाणी तुटक रेघेची सलग होते ती याचसाठी. जोडरेघ असेल आणि तिच्यातली एक सलग, एक तुटक असेल, तर आपल्या बाजूला कोणती आहे ते बघा: आपल्याकडची तुटक असेल तरच ओलांडायला परवानगी. दुभाजक नसलेल्या रस्त्याच्या मध्यावर सलग पिवळी रेघ दिसली, तर पुढचा ट्रॅक्टर कितीही रेंगाळत असला तरी ओव्हरटेक करताना ती ओलांडायची नाही.

नव्याने डांबर टाकलेल्या रस्त्यावर अनेकदा काही दिवस रेघाच नसतात. अशा वेळी लोक मनानेच तिसरी लेन तयार करतात. रेघा नसल्या तरी रस्ता दोन लेनचाच असतो; दुभाजकावरची निशाणं, पुढच्या गाड्यांची रांग आणि मागे सोडलेला फलक यांवरून आपली लेन धरा.

कायदा कुठे आहे

मूळ कायदा मोटार वाहन अधिनियम, १९८८. त्याच्या कलम ११८ खाली केंद्र सरकार वाहन चालवण्याचे विनियम करतं. आज लागू असलेले विनियम २०१७ चे आहेत. १९८९ च्या जुन्या विनियमांची जागा त्यांनी घेतली. शक्य तितकं डावीकडून चालवणं, लेन आखलेल्या असतील तिथे लेनमध्येच राहणं, इशारा दिल्याशिवाय लेन न बदलणं, पुढच्या गाडीपासून पुरेसं अंतर ठेवणं, हे सगळं त्यात आलंय. म्हणजे लेनची शिस्त हा पोलिसांचा सल्ला नाही, तो कायद्याचा भाग आहे.

दंडाचे आकडे २०१९ च्या दुरुस्तीने वाढले. विनियम मोडल्यास कलम १७७अ खाली ५०० ते १,००० रुपये. ज्या गुन्ह्याला वेगळी शिक्षा सांगितलेली नाही त्याला कलम १७७: पहिल्यांदा ५०० पर्यंत, पुन्हा केल्यास १,५०० पर्यंत. पोलिसांचा कायदेशीर आदेश धुडकावला तर कलम १७९, २,००० पर्यंत. वेगमर्यादा ओलांडल्यास कारसाठी १,००० ते २,००० आणि मध्यम व जड वाहनांसाठी २,००० ते ४,०००.

खरं जड कलम आहे १८४, धोकादायक वाहन चालवण्याचं. नियमबाह्य ओव्हरटेक आणि वाहतुकीच्या विरुद्ध दिशेने चालवणं या दोन्ही गोष्टी २०१९ पासून त्यात नावानिशी घातलेल्या आहेत. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये. पेट्रोल पंप पलीकडे दिसतोय म्हणून साइडपट्टीवरून दोनशे मीटर उलटं जाणारा दुचाकीवाला आपण ‘राँग साइड’ने आलो असं हसत सांगतो, पण तो याच कलमात बसू शकतो.

प्रत्यक्षात जागेवर भरायची तडजोडीची रक्कम राज्य सरकार ठरवतं. त्यामुळे चलनावरचा आकडा आणि कायद्यातला आकडा नेहमी जुळेलच असं नाही.

कोणती लेन कोणाची

दुपदरी रस्त्यावर प्रश्न सोपा आहे: डावीकडे राहा, ओव्हरटेकपुरते उजवीकडे जा, परत या. गोंधळ सुरू होतो तो चौपदरी रस्त्यावर, जिथे आपल्या दिशेला दोन लेन असतात. डावी लेन चालवण्यासाठी आणि उजवी ओव्हरटेकसाठी, एवढाच हिशोब आहे. ‘मी वेगमर्यादेइतका वेग ठेवलाय, मग उजव्या लेनमध्ये राहिलो तर काय बिघडलं?’ हा प्रश्न सुशिक्षित कारवाल्यांकडूनच जास्त ऐकू येतो. बिघडतं ते असं, की मागचा माणूस तुमच्या डावीकडून कट मारून जातो आणि तुमच्याबरोबर डाव्या लेनमधल्या दुचाकीस्वाराचाही जीव धोक्यात येतो. मागच्याचा वेग मोजणं हे तुमचं काम नाही. ओव्हरटेक झाला की डावीकडे या.

मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग हा ९४.५ किलोमीटरचा, कळंबोली ते किवळे असा सहापदरी रस्ता. तिथे आपल्या दिशेला तीन लेन असतात. डावी लेन जड आणि संथ वाहनांची. मधली कारची, जड वाहनाला ओव्हरटेकपुरती मधल्या लेनमध्ये येता येतं. उजवी फक्त ओव्हरटेकसाठी. दुचाकी, तीनचाकी आणि ट्रॅक्टरला या रस्त्यावर प्रवेशच नाही. मैदानी भागात कारला ताशी १०० आणि घाटात ६० ची मर्यादा आहे. तरी पाठ केलेल्या आकड्यापेक्षा त्या क्षणी समोरच्या फलकावर दिसणारा आकडाच खरा माना.

आता नेहमीची तक्रार: ‘ट्रक उजव्या लेनमधून हलतच नाही.’ हे खरं आहे, आणि त्याची कारणंही आहेत. डाव्या लेनमध्ये बंद पडलेली गाडी, उलटा येणारा दुचाकीवाला किंवा मधेच चढणारा ट्रॅक्टर भेटेल, या धास्तीने बरेच ट्रकचालक दुभाजकाला धरून चालतात. खड्डेही बहुधा डाव्या लेनमध्येच जास्त असतात, कारण ओझं तिथून जातं. कारण समजलं म्हणून चूक माफ होत नाही, पण अशा ट्रकमागे आपण काय करायचं ते ठरवता येतं. चार-पाच सेकंदांचं अंतर ठेवून मागे राहा, त्याच्या आरशात दिसाल असे. उजवा इंडिकेटर द्या, एकदा डिपर द्या, थोडं थांबा. तो डावीकडे सरकला तर उत्तम. हललाच नाही आणि तुमच्या डावीकडची पूर्ण लेन लांबवर मोकळी असेल, तर तिथून जाण्याचा मोह होतो. विनियमांनी डावीकडून ओव्हरटेकची मुभा मुख्यतः पुढचा उजवीकडे वळण्याचा इशारा देत असेल तेव्हापुरती दिली आहे. पण ट्रकच्या डाव्या बाजूला चालकाला जवळजवळ काहीच दिसत नाही आणि तो नेमका त्याच क्षणी डावीकडे सरकू शकतो, हे कारण मला कायद्याहून मोठं वाटतं. साइडपट्टीवरून डावीकडून जाणं तर कोणत्याही परिस्थितीत नाही.

लेन बदलायची रीत

इंडिकेटर दिला म्हणजे परवानगी मिळाली, असा एक समज आहे. इंडिकेटर ही विचारणा आहे. क्रम असा ठेवा:

१. आधी आतला आरसा, मग ज्या बाजूला जायचंय त्या बाजूचा आरसा.

२. इंडिकेटर चालू करा आणि निदान तीन सेकंद जाऊ द्या. ताशी १०० ला एका सेकंदात गाडी साधारण २८ मीटर जाते. मागच्याला तुमचा दिवा दिसून, कळून, वेग सावरायला तेवढा वेळ लागतोच.

३. खांद्यावरून झटकन मागे नजर टाका. आरशात न दिसणारी दुचाकी इथे सापडते.

४. वेग कमी न करता, स्टिअरिंगला झटका न देता, सावकाश सरका. एका वेळी एकच लेन. सहापदरीवर डावीकडून थेट उजव्या लेनमध्ये तिरकी धाव घ्यायची नाही.

५. इंडिकेटर बंद झाला का ते बघा. पाच किलोमीटर लुकलुकणारा इंडिकेटर मागच्याला फसवतो.

ओव्हरटेकनंतर परत डावीकडे कधी यायचं? ज्याला मागे टाकलं ती गाडी आतल्या आरशात पूर्ण दिसू लागली की. तिच्या नाकासमोर कट मारू नका. भरलेला ट्रक कारइतक्या लवकर थांबत नाही.

अंतराचं गणितही इथेच सांगून टाकतो. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मोजायला सुरुवात करा. तुम्ही तिथे पोहोचेपर्यंत कोरड्या रस्त्यावर तीन सेकंद, पावसात त्याच्या दुप्पट. ताशी १०० ला तीन सेकंद म्हणजे ८० मीटरच्या वर. ‘एवढी जागा ठेवली तर मध्ये कोणीतरी घुसतो.’ घुसू द्या. पुन्हा थोडे मागे या. दहा जण घुसले तरी पुण्याला पोहोचायला जेमतेम अर्धा-एक मिनिट जास्त लागेल.

साइडपट्टी: कोणासाठी, कधी

दुपदरी महामार्गावर डांबरी साइडपट्टीचा एक वापर अगदी रीतसर आहे. सायकल, पायी चालणारे, बैलगाडी आणि संथ दुचाकी यांना मुख्य प्रवाहापासून बाजूला ठेवण्याचं काम ती करते. गावाजवळच्या पट्ट्यात शाळेची मुलं तिच्यावरूनच चालतात. आषाढी वारीच्या दिवसांत तर कितीतरी रस्त्यांवर दिंड्याच तिच्यावर असतात. कारवाल्याने ती ‘रिकामी लेन’ समजून वापरली की या सगळ्यांना जायला जागा उरत नाही.

द्रुतगती आणि प्रवेशनियंत्रित मार्गांवर ती फक्त अडचणीसाठी असते. बंद पडलेली गाडी, रुग्णवाहिका, क्रेन, पोलीस. लोणावळ्याच्या पावसाळी शनिवारी कोंडी झाली की पहिली दहा मिनिटं लोक लेनमध्ये थांबतात. मग एक जण डावीकडून निघतो, त्याच्यामागे पन्नास. पुढे अपघात झालेला असतो आणि त्याच्यासाठी निघालेली क्रेन या पन्नासांच्या मागे अडकते. म्हणजे कोंडी फुटायला लागणारा वेळ आपणच वाढवतो. साइडपट्टीवरून गेल्यास चलनावर नेमकं कोणतं कलम पडेल हे प्रसंगावर ठरतं: साधा विनियमभंग, आदेश धुडकावणं, की धोकादायक चालवणं.

फोन घेण्यासाठी, डबा खाण्यासाठी, फोटोसाठी, झोप काढण्यासाठी, पाहुण्याची वाट बघण्यासाठी साइडपट्टी नाही. धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी सोडून जायला कलम १२२ मनाई करतं. बेवारस किंवा अडथळा करणारी गाडी कलम १२७ खाली उचलून नेता येते. पण इथेही कायद्यापेक्षा एक तारीख जास्त बोलते. १५ ऑक्टोबर २०२३ ला समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ, मध्यरात्रीनंतर, थांबलेल्या ट्रकवर प्रवासी टेम्पो मागून आदळला आणि १२ जण गेले. तो ट्रक बिघडलेला नव्हता, तपासणीसाठी थांबवलेला होता. सरळ, रिकाम्या रस्त्यावर रात्री पुढची गाडी चालतेय की उभी आहे, हे शंभरच्या वेगात फार उशिरा कळतं. मागचा तांबडा दिवा बघून थकलेला चालक त्याच्याच मागे जाऊ लागतो.

म्हणून खरोखर थांबावं लागलं, तर असं थांबा.

पार्किंग लाइट (चारही इंडिकेटर एकदम) लावा आणि ब्रेक न दाबता, वेग ओसरू देत डावीकडे या. टायर फुटला असेल तर हे विशेष महत्त्वाचं. जोरात ब्रेक मारला की गाडी फुटलेल्या बाजूला ओढते. जवळच बस-बे, ट्रक-बे (बस-ट्रक थांबायला कडेला काढलेली जागा) किंवा बाहेर पडायचा फाटा असेल तर रखडत का होईना तिथपर्यंत जा. फाटलेल्या टायरपायी रिम खराब झाला तरी चालेल. नाहीच जमलं तर रेघेच्या जितकं पलीकडे जाता येईल तितकं जा, चाकं डावीकडे वळवून ठेवा, हँडब्रेक ओढा.

मग सगळ्यांना डाव्या दारांनी उतरवा आणि लोखंडी कठड्याच्या पलीकडे, गाडीपासून दूर उभं करा. गाडीच्या मागे किंवा पुढे कोणी उभं राहायचं नाही. थंडी आहे, पाऊस आहे, आजी-आजोबांना उतरायचा कंटाळा आहे, काहीही असलं तरी थांबलेल्या गाडीत बसून राहायचं नाही. परावर्तक त्रिकोण समोर धरून कठड्याच्या बाजूने मागे चालत जा आणि द्रुतगती मार्गावर निदान शंभर पावलांवर ठेवा. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. त्रिकोण नसेल तर दगड मांडायची आणि झाडाची फांदी अडकवायची आपली जुनी पद्धत आहे. फांदी एकवेळ चालेल. दगड मात्र मांडू नका, कारण गाडी दुरुस्त झाली की लोक निघून जातात आणि दगड तिथेच राहतात. रात्री तोच दगड एखाद्या दुचाकीस्वाराच्या चाकाखाली येतो.

मदतीसाठी राष्ट्रीय महामार्गावर १०३३, कुठेही ११२, रुग्णवाहिकेला १०८. फोनवर ‘खोपोलीच्या पुढे’ असं सांगून भागत नाही. कडेच्या दगडावरचा किलोमीटर आकडा आणि कोणत्या शहराकडे तोंड आहे, हे दोन्ही सांगा.

उजव्या बाजूचं चाक महामार्गावर स्वतः बदलायला बसू नका. त्यासाठी क्रेन किंवा गस्तीची गाडी येऊ द्या.

परत रस्त्यावर येताना साइडपट्टीवरच पुढे जात वेग वाढवा, उजवा इंडिकेटर द्या, मोठी फट मिळाली की डाव्या लेनमध्ये शिरा. शून्य वेगातून थेट लेनमध्ये चढू नका. मुख्य प्रवाहातल्या गाडीचा हक्क पहिला असतो.

चाक साइडपट्टीवरून खाली उतरलं तर

राज्यमार्गांवर आणि जिल्हा रस्त्यांवर हा प्रकार सर्रास घडतो. डांबराचे थर एकावर एक चढत जातात, साइडपट्ट्या मात्र भरल्या जात नाहीत किंवा पावसात मुरूम वाहून जातो. कडेला चार, सहा इंच, कधी त्याहून जास्त पायरी तयार होते. समोरून एसटी आली, आपण डावीकडे दबलो, आणि डावी चाकं धप्पकन खाली.

इथे माणूस घाबरून स्टिअरिंग उजवीकडे ओढतो. टायर पायरीला घासत राहतो, चढत नाही. आणखी ओढतो. मग तो एकदम चढतो आणि गाडी उसळून थेट समोरच्या लेनमध्ये जाते, किंवा उलटते. अनेक अपघातांत चाक खाली उतरल्याने काही झालेलं नसतं. जे झालं ते घाईने वर चढण्यात.

करायचं ते याच्या उलट. स्टिअरिंग घट्ट आणि सरळ धरा. ॲक्सिलरेटर सोडा, ब्रेकवर उडी मारू नका. दोन चाकं खाली ठेवूनच गाडी सरळ जाऊ द्या, पुढे मोरीचा कठडा किंवा मैलाचा दगड नाही ना ते बघत. वेग अगदी चालण्याइतका उतरला की मागे-पुढे बघून, पायरी कमी असेल तिथून, हलकेच वर या. समोरून गाडी येत असेल तर थांबून राहा. दुचाकीवाल्याने तर पूर्ण थांबल्याशिवाय वर चढायचा प्रयत्नच करू नये.

काम चालू, रस्ता अर्धा

मुंबई–गोवा महामार्गाचं, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६६ चं, चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. कोकणातल्या एका पिढीने बांधकामाखालच्या रस्त्यावरच गाडी शिकली आहे, असं म्हटलं तर कोणी चूक काढणार नाही. परशुराम घाटात डोंगर कापल्यावर पावसाळ्यात दरडीचा प्रश्न उभा राहिला आणि २०२२ मध्ये कामासाठी वाहतूक दिवसातले काही तास बंद ठेवावी लागली. गणपतीला जाताना या रस्त्यावर काय काय भेटतं ते कोकणवासीयांना सांगायला नको, पण मुंबई-पुण्याहून पहिल्यांदाच निघालेल्यांसाठी थोडं तपशिलात लिहितो.

नीट आखलेल्या कामाच्या जागेचे चार टप्पे असतात: आधी सूचनाफलक, मग लेन हळूहळू अरुंद होत जाण्याचा पट्टा, मग प्रत्यक्ष काम, मग पुन्हा मोकळा रस्ता. प्रत्यक्षात पहिला टप्पा कधी कधी धुळीने माखलेला असतो, तर कधी नसतोच. म्हणून फलकाची वाट न बघता खुणा ओळखा. डांबराचा रंग बदलतो, पांढऱ्या रेघा अचानक संपतात, कडेला बॅरल किंवा वाळूच्या गोण्या दिसू लागतात, पुढच्या ट्रकचे ब्रेकदिवे विनाकारण लागतात. यातलं काहीही दिसलं की ॲक्सिलरेटरवरून पाय काढा.

सर्वांत घातक प्रकार म्हणजे चौपदरी रस्ता अचानक संपून दुपदरी होणं. नवा पूल अपुरा असतो आणि दोन्ही दिशांची वाहतूक एकाच बाजूने काढलेली असते. दुभाजकाच्या आपल्या बाजूला समोरून गाडी येऊ शकते, ही कल्पनाच चालकाच्या डोक्यात नसते. वळणमार्गातून बाहेर पडल्यावर आपल्याला पुन्हा दोन लेन मिळाल्या आहेत की आपण दुतर्फा रस्त्यावर आहोत, याची खात्री होईपर्यंत ओव्हरटेक बंद. खात्रीची सोपी खूण: समोरून येणाऱ्या गाड्या दुभाजकाच्या पलीकडून जाताना दिसल्या पाहिजेत. एकही दिसत नसेल तर रस्ता दुतर्फा आहे असंच धरा.

दुसरा प्रकार पुलाच्या तोंडाशी लेन कमी होण्याचा. ४ सप्टेंबर २०२२ ला मुंबई–अहमदाबाद महामार्गावर चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्याला गाडी धडकून उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे एक सहप्रवासी गेले. तिथे पुलाआधी तीन लेनच्या दोन होतात. (मागे बसलेल्या त्या दोघांनीही सीटबेल्ट लावलेला नव्हता; मागच्या सीटचा बेल्ट सक्तीचाच आहे.) जुने पूल अरुंद आणि नवे रस्ते रुंद, ही जोडी रुंदीकरण झालेल्या जवळजवळ प्रत्येक महामार्गावर कुठे ना कुठे भेटते. पुलाचा फलक दिसला की कडेच्या लेनमधून आतल्या लेनमध्ये आधीच या आणि पुलावर ओव्हरटेक करू नका.

लेन संपत असताना रांग लागलेली असेल तर भांडण ठरलेलं. संपणाऱ्या लेनमधल्याला वाटतं मी पुढे होतो, दुसऱ्याला वाटतं हा घुसतोय. सगळे हळू चालले असतील तेव्हा एकाआड एक सोडणं हा सर्वांत लवकर सुटणारा मार्ग. मात्र वाहतूक वेगात असेल तर शेवटच्या बॅरलपर्यंत थांबू नका. फलक दिसताच मागे बघून लेन बदला.

वळणमार्गावर धूळ, खडी आणि उघड्या सळया असतात. खडीवर वळताना ब्रेक दाबला की दुचाकी घसरते. वळणाच्या आधी वेग उतरवा आणि वळताना तो तसाच ठेवा. टिपर आणि रोलर यांच्या मागे उभे राहू नका, ते न बघता मागे येतात. रात्री काम बंद असलं तरी यंत्रं कडेला उभी असतात, बहुतेकदा दिव्याशिवाय. नवं डांबर झालंय पण अजून वाहतूक सुरू केलेली नाही, असा मोकळा पट्टा बाजूला दिसला की काही जण बॅरल सरकवून त्यात घुसतात. पुढे स्लॅब नसतो, किंवा मोरीसाठी खणलेला खड्डा असतो.

निकृष्ट आखणी किंवा देखभालीमुळे जीवितहानी झाली तर कंत्राटदार आणि संबंधित यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद २०१९ पासून कलम १९८अ मध्ये आहे. फलक नसणं, दिवे नसणं, पायरी राहणं यांचे फोटो तारीख-किलोमीटरसह काढून १०३३ वर तक्रार नोंदवली आणि तिचा क्रमांक ठेवला, तर पुढे ते उपयोगी पडतं. फोटो चालत्या गाडीतून चालकाने काढायचे नाहीत, हे वेगळं सांगावं लागतं.

घाट

अरुंद चढावर चढणाऱ्या गाडीला पहिला मान, उतरणाऱ्याने थांबायचं. २०१७ च्या विनियमांतही हे आहे आणि आपल्या जुन्या चालकांच्या रिवाजातही. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून डिझेल वाचवणारे अजून आहेत. बोरघाटात ब्रेक तापून निकामी होण्यामागे ही सवय असते. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. घाटात साइडपट्टी अरुंद होते, काही ठिकाणी नसतेच, म्हणून धबधबा बघायला थांबायची जागा तिथे नाही.

रुग्णवाहिका मागे आली

तिला वाट न देणं हा कलम १९४ई खालचा गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. लोक चुकतात ते हेतूत नाही, रीतीत. सायरन ऐकून कोणी डावीकडे, कोणी उजवीकडे आणि एखादा जागेवरच ब्रेक मारून. दुपदरीवर सगळ्यांनी डावीकडे. चौपदरीवर उजव्या लेनवाल्यांनी इंडिकेटर देत डाव्या लेनमध्ये, म्हणजे उजवी लेन तिला पूर्ण मिळते. कोंडीत अडकला असाल तर साइडपट्टी मोकळी ठेवणं हीच तुमच्याकडून होणारी मदत. आणि ती पुढे गेली की तिच्या शेपटाला लागून निघायचं नाही.

चलन आलं तर

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेऱ्यांची स्वयंचलित यंत्रणा आहे आणि ती वेगाबरोबर लेनचं उल्लंघनही टिपते. चलनाचा संदेश आला तर त्यातल्या लिंकवर लगेच टिचकी मारू नका; खोट्या चलनांचे संदेश भरपूर फिरतात. महाट्रॅफिक ॲपवर किंवा परिवहन विभागाच्या ई-चलन संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक स्वतः टाकून बघा. फोटोत क्रमांकपाटी तुमचीच आहे का, गाडीचा रंग-मॉडेल जुळतं का, वेळ आणि ठिकाण बरोबर आहे का, हे तपासा. चूक असेल तर ॲपमध्येच तक्रार नोंदवायची सोय आहे. ती करताना त्या दिवशीची टोलची पावती किंवा फास्टॅगचा तपशील जोडा. गाडी त्या वेळी कुठे होती याचा तो सर्वांत साधा पुरावा. गाडी विकलेली असूनही चलन तुमच्या नावावर येत असेल, तर आधी आरटीओमध्ये मालकी बदलल्याची नोंद झाली आहे का ते बघा. ती झालेली नसेल तर पुढची चलनंही तुमच्याच फोनवर येत राहतील.